शेजारच्या खोलीत

सोमवारी सकाळी चहाच्या खोलीतल्या फळ्यावर एक कागद टाचलेला होता आणि त्यावर माझी भीती काढलेली होती. नाव नव्हतं, नुसतं 'क' असं लिहिलं होतं. पाच डॉक्टर, पाच अक्षरं, पाच रेषा. तीन महिन्यांपूर्वी विद्यापीठातून एक मुलगी आली होती. रुग्णाच्या शरीरात नळी घालताना डॉक्टरच्या काळजाचं काय होतं, आणि त्याचं पुढे रुग्णाला काय होतं, हे तिला मोजायचं होतं. आमच्या छातीला पट्टे बांधताना तिने गळ्याशपथ सांगितलं होतं की कोण कुठलं अक्षर हे कुणाला कळणार नाही. पण कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, 'क' एक आठवडा रजेवर असल्याने तो आठवडा सर्वांच्याच नोंदींतून वगळला आहे. ती रजा कुणाची होती हे आमच्याकडे फरशी पुसणाऱ्या बाईंनाही माहीत होतं. माझी रेषा एकाहत्तर ठोक्यांवर निघत होती आणि मधोमध एकशे अडतीसवर जाऊन उभी राहत होती. 'इ'ची रेषा सहासष्टवर निघून चौऱ्याहत्तरपर्यंत जात होती आणि आल्या पावली परत येत होती. 'इ' म्हणजे शांतोबा. हे नाव मीच ठेवलेलं, तो माझ्याकडे शिकायला आला त्या पहिल्या महिन्यात, कौतुकाने. माझा चहा गार झाला. मागून कुणीतरी आलं म्हणून मी कागदावरून नजर काढून खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गाड्या लावायची जागा होती. तिथे शांतोबा आपली गाडी नीट दोन पट्ट्यांच्या मध्ये, एका दमात लावत होता. मला त्या गाडी लावण्याचाही राग आला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. पित्ताच्या नळीत खडा अडकतो, माणूस पिवळा पडतो. आम्ही त्याला अर्धवट झोपवतो, तोंडातून दुर्बीण घालतो, जठराच्या पलीकडे आतड्यात नेतो. तिथे भिंतीवर एक बोंड असतं, मसुराएवढं, आणि त्याच्या टोकाला दिसेल न दिसेल असं भोक. त्या भोकातून एक तार आत सरकवायची. तार पित्ताच्या नळीत गेली तर पुढचं सगळं आपोआप होतं, खडा ओढून काढता येतो, माणूस आठवड्यात गोरा होतो. पण त्याच भोकातून स्वादुपिंडाची नळीही निघते, आणि तार तिकडे शिरली, किंवा त्या बोंडाला फार टोचलं गेलं, तर स्वादुपिंड रुसतं. रुसतं म्हणजे सुजतं, आणि माणूस पोट धरून तळमळतो, आणि कधीकधी माणूस जातो. म्हणून आमच्या खोलीत एक नियम आहे, माझ्या सरांनी घालून दिलेला. पाच वेळा तार लावली आणि गेली नाही, की हात बदलायचा. दुर्बीण दुसऱ्याच्या हातात द्यायची, मग तो कोणीही असो. सर स्वतः कधी हात बदलत नसत, ती गोष्ट वेगळी. मी मात्र पाचही होऊ देत नाही. तिसऱ्याला माझ्या कानात शिट्टी वाजायला लागते, जीभ टाळ्याला चिकटते, क्ष-किरण अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनखाली पाठीवरून घाम उतरतो. चौथ्याला मी म्हणते, बोलवा त्याला. आणि शेजारच्या खोलीतून शांतोबा येतो, हातमोजे चढवता चढवता सिस्टरला विचारतो, "मुलीची परीक्षा कशी झाली?" आणि सिस्टर उत्तर देत असतानाच तार आत जाते. माझ्या हातांची ऊब दुर्बिणीवर असते अजून. सगळे खूश होतात. मीही "छान" म्हणते. लोक म्हणतात त्याला हातगुण आहे. त्याच्या हाताला तो गुण कुणी लावला हे लोक विचारत नाहीत.

हेवा हा शब्द मी इतरांच्या बाबतीत पुष्कळदा वापरला आहे. माझ्या बाबतीत मी त्याला शिस्तीची अपेक्षा, पिढीतला फरक असं काहीबाही म्हणत आले. त्या सोमवारी मात्र नाव घेणं भाग पडलं. सहा वर्षं मी त्याच्या मागे उभी राहिले. मनगट कसं वळवायचं, अंगठा कुठे ठेवायचा, पडद्याकडे बघताना श्वास केव्हा सोडायचा, सगळं माझं आहे. तो दुर्बीण धरतो तेव्हा पाठमोरा थेट माझ्यासारखा दिसतो असं सिस्टर म्हणते. मग माझं सगळं घेताना नेमकी माझी धडधडच त्याने कशी घेतली नाही? ती मी कुणाकडून घेतली ते मला ठाऊक आहे. सर मागे उभे राहत आणि चूक झाली की हातातल्या चिमट्याने बोटांच्या पेरावर टोला देत. बोलत नसत. आणि कठीण वेळ आली की घड्याळ बघून म्हणत, "आता तुझं तू निस्तर," आणि घरी जात. एकदा एका बाईच्या पोटात तार अडकवून मी चाळीस मिनिटं एकटी उभी होते. ती बाई वाचली. मी वाचले की नाही हे अजून ठरायचं आहे. शांतोबाला मी कधी टोला दिला नाही, कधी टाकून गेले नाही. त्याचं त्याला काही वाटतं का? तो आपला सहासष्टवर निघतो आणि चौऱ्याहत्तरवर पोचतो.

ताई तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. डोळे जुन्या कागदासारखे पिवळे, अंगाला खाज, आणि तरी माझी कपाटं लावत होती. तिच्याही पित्तनळीत खडा होता, शुक्रवारी काढायचा होता. कोण काढणार हे आम्ही दोघींनी बोललेलं नव्हतं. आपल्या माणसावर आपण हात चालवू नये असा संकेत आहे, पण तो संकेत आहे, नियम नाही, आणि मी मनातल्या मनात केव्हाच तो मोडला होता. ताईने विचारावं एवढंच बाकी होतं. लहानपणी माझ्या पायात काटा रुतला की तीच काढायची. आई सुई आणायला जाईपर्यंत मी रडून गाव गोळा करी, आणि ताई माझा पाय मांडीवर घेऊन, दुसरीकडे बघत, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत काटा काढून तळहातावर ठेवी. आईला सुईत दोरा ओवून द्यायचं कामही तिचंच. मला घाम यायचा, दोरा ओला व्हायचा, वाकायचा. बाबा हसून म्हणायचे, "थोरलीच्या हाताला धीर आणि धाकटीच्या हाताला घाम." विनोद होता. मी डॉक्टर झाले ती त्या विनोदामुळे, असं आता वाटतं. ताई झाली नाही, तिला व्हायचंच नव्हतं, याचंही मला वाईट वाटलं. हरवायला समोर कोणी नसलं की जिंकण्यात काय राहतं?

सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या उभ्या ती म्हणाली, "अगं, शुक्रवारी त्या मुलालाच करू दे हं."

"कुठल्या मुलाला?"

"तुझा तो. मला तपासायला आला होता. किती शांत आहे गं."

मी चमचे पुसत होते. पुसलेलेच पुन्हा पुसले. "मी करू शकते, ताई. रोज करते."

"माहितीये मला. पण तू केलंस तर मी तुझ्याकडेच बघत बसेन. तुझा श्वास अडकला की मला कळतं, लहानपणापासून. झोपेतही कळेल." आणि मग हसून, "माझा काटा काढताना तूच रडशील."

यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? काही नाही. ताईचा स्वभाव, ताईची थट्टा. पण मी खोलीत जाऊन पलंगावर बसले तेव्हा माझ्या पोटात काहीतरी आंबट, जळतं वर चढत होतं आणि ते पित्त नव्हतं. दोन शांत माणसांनी एकमेकांना शोधून काढलं होतं, माझ्याच घरात, माझ्याच ओळखीवर. ती त्याच्यासमोर झोपणार, तो तिच्याशी गप्पा मारत खडा काढून तिच्या तळहातावर ठेवणार, आणि मी बाहेर बाकावर. मला तिच्यापेक्षा त्याचा जास्त हेवा वाटला की त्याच्यापेक्षा तिचा, हे मी बराच वेळ ठरवत बसले. सहासष्ट, चौऱ्याहत्तर. शुक्रवारला चार दिवस होते. मला एकच कागद हवा होता, माझी रेषा सपाट असलेला. तो मी ताईसमोर ठेवणार होते. शाळेतलं प्रगतिपुस्तक ठेवावं तसा. चौपन्न वर्षांची बाई.

छातीची धडधड उतरवणारी एक गोळी असते. व्यासपीठावर जायच्या आधी लोक घेतात, वादक घेतात. आमच्यातलेही काही घेतात आणि बोलत नाहीत. बुधवारी सकाळी मी ती घेतली. पहिला रुग्ण एक शिंपी होते, साठीचे, कोट शिवण्यात आयुष्य गेलेलं. टेबलावर कुशीवर वळता वळता म्हणाले, "बाई, सुईत दोरा ओवण्याइतकंच काम ना?" मी म्हणाले, "अगदी तेवढंच." एरवी अशा वाक्याने माझे हातमोजे आतून ओले झाले असते. त्या दिवशी काही झालं नाही. दुर्बीण खाली उतरली, पडद्यावर ते बोंड आलं, आणि मी वाट बघत होते पहिल्या शिट्टीची, ती आलीच नाही. केवढी मजा वाटली म्हणून सांगू. म्हणजे हे लोक असे जगतात. खोलीत इतका उजेड असतो हे मी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. सिस्टरच्या कानातल्या कुड्या निळ्या होत्या. तार लावली, नाही गेली. पुन्हा लावली. हात गार, कोरडे, बाबांनी बघायला हवे होते असे. मी सिस्टरला चक्क विचारलं, "मुलीचा निकाल कधी आहे?" ती चमकली, मग सांगायला लागली. तार लावली. पुन्हा लावली. मध्येच ती म्हणाली, "बोलावू का त्यांना?" मी म्हणाले, "नको." इतक्या सहज म्हणाले की तिने पुन्हा विचारलं नाही. शेजारच्या खोलीतून शांतोबाचं हलकं गुणगुणणं येत होतं आणि मला वाटलं, येऊ दे, आज माझ्या खोलीत त्याची गरज नाही. मग तार गेली. खडा आला, काळपट, छान. मी हातमोजे काढत होते तेव्हा सिस्टर पडद्यावर चित्रफीत मागे फिरवून बघत होती, म्हणाली, "अकरा झाले, मॅडम."

"काय अकरा?"

"वेळा."

दुपारी चारला शिंप्यांच्या पोटात कळ उठली आणि ती पाठीत गेली. रक्ताची तपासणी आली तेव्हा मी आकडा बघण्याआधीच तो मला माहीत होता. गोळीचा अंमल संपला होता आणि सगळी धडधड, सकाळची उधारी ठेवल्यासारखी, एकदम आली. मी जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिले. सिस्टर मला शोधत तिथे आली. मी तिच्यावर चिडले, तेवढंच मला तेव्हा करता येण्यासारखं होतं. "पाचला का नाही सांगितलंस?"

"मी कधी मोजतच नाही, मॅडम," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर मोजावं लागत नाही. तुमचा श्वास अडकला की मी तार धरून ठेवते. तो अडकला की समजायचं, आता पुरे. आज अडकलाच नाही. मला वाटलं, मॅडमना दिसतंय नीट." मग म्हणाली, "विचारलं मी एकदा. तेव्हा सात झाले होते. मला स्वतःलाच कसंतरी झालं म्हणून विचारलं. सात काय, अकरा काय, नंतर चित्रफितीवरून मोजले." ती रडत नव्हती. एकोणीस वर्षं ती माझ्या भीतीच्या कलाने काम करत आली होती आणि मी तीच भीती लपवायला बघत होते. चौथ्याला हात बदलणारी बाई म्हणून मला जी लाज वाटायची, त्या लाजेवर त्या खोलीतली माणसं सुखरूप घरी जात होती.

गुरुवारी सकाळी मी शिंप्यांच्या खाटेपाशी गेले. जिवाला धोका नाही, पण आठ दहा दिवस जाणार, आणि ते दिवस त्यांच्या अंगावरून जाणार, माझ्या नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. पाचला थांबायचा नियम होता, मी अकरा वेळा टोचलं, त्यामुळे हे झालं. भीती वाटू नये म्हणून गोळी घेतली होती तेही सांगितलं, आणि वरिष्ठांना लिहून देणार आहे तेही. ते छताकडे बघत ऐकत होते. ओठ सुकलेले, पाणी बंद होतं.

"मग थांबला का नाहीत?" ते म्हणाले.

"दुसऱ्याला बोलवायचं नव्हतं."

"तो दुसरा होता तिथे?"

"शेजारच्याच खोलीत."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. एखादा बिघडलेला कोट उलटून शिवण बघावी तसं. मग भिंतीकडे तोंड केलं. "माफ करा," मी त्यांच्या पाठीला म्हणाले. क्षमा मागितली की ती मिळतेच असा आपला एक समज असतो.

बाहेर ती विद्यापीठातली मुलगी माझी वाट बघत होती. तिच्या हातात तिचा पाटीसारखा संगणक होता. "मॅडम, काल तुमचा पट्टा बिघडला होता का? चौसष्टच्या वर गेलाच नाही."

"पट्टा ठीक होता. मी बिघडले होते," मी म्हणाले, आणि तिलाही सांगितलं. ती गोंधळली. लिहावं की नाही ते तिला कळेना. मग लिहिलं.

"अशी विचित्र नोंद आणखी एकदाच आली होती," ती बोटाने पडदा सरकवत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "ती उलटी होती. 'इ'ची. एकशे बावन्न, एकशे सत्तावन्न. आठवडाभर रोज. शेवटी दोन रुग्ण त्यांनी सुरूच केले नाहीत, पुढे ढकलले. तो आठवडा आम्ही वगळला." तिचं बोट पडद्यावर थांबलं. कुठला आठवडा ते तिला बोलल्यावर आठवलं. मला बोलण्याआधीच आठवलं होतं. त्या आठवड्यात मी रजेवर होते, घरात पडून होते, काही करत नव्हते. पुस्तक वाचत होते आणि तेही नीट वाचत नव्हते.

मी त्याच्या खोलीत गेले तेव्हा शांतोबा ताईच्या पित्तनळीचेच फोटो बघत होता. मी म्हणाले, "उद्या तू कर." तो म्हणाला, "हो, मॅडम." मग खुर्चीत जरा वळून, माझ्याकडे न बघता, "तुम्ही असाल ना?"

"मी टेबलाशी नसणार. बहीण आहे माझी."

"टेबलाशी नाही. शेजारी." त्याचे कान लाल झाले होते. सहा वर्षांत मी त्याचे कान लाल झालेले पाहिले नव्हते, की पाहायची तसदी घेतली नव्हती. "म्हणजे पाच झाले तर."

"चार झाले तरी हाक मार," मी म्हणाले.

शुक्रवारी ताईला आत नेताना तिने माझी बोटं धरली. तिचा हात गार होता. धीराचे हात गारच असतात असं मी धरून चालले होते. "तू कुठे असशील?" तिने विचारलं. मी म्हणाले, "इथेच, भिंतीच्या पलीकडे." "मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिची बोटं सैल झाली. माझ्या डोळ्यांसमोर सैल झाली. मी शिशाचं एप्रन चढवून शेजारच्या खोलीत त्याच्या नेहमीच्या स्टुलावर बसले. एकोणीस वर्षांत त्या खोलीत मी कधी नुसती बसले नव्हते. भिंत पातळ आहे. सगळं ऐकू येतं. सिस्टर आता मोठ्याने मोजते, बुधवारपासून तिने तसं ठरवलं आहे. "एक." मग थोडा वेळ यंत्राचा आवाज. "दोन." छातीला पट्टा होता, सवयीने बांधलेला, आणि मनगटावरच्या घड्याळात त्याचा आकडा दिसत होता, एकशे एकतीस. हातात दुर्बीण नाही, तार नाही, मी एका स्टुलावर बसलेली बाई होते. "तीन." मी हातमोजे काढून ठेवले होते ते चढवले. पलीकडे शांतोबा हलकेच विचारत होता, "निकाल लागला का मग मुलीचा?" आणि सिस्टर म्हणाली, "लागला, पास झाली," आणि त्याच सुरात, "गेली तार." कुणीतरी हसलं. त्याचा आकडा किती असेल ते मला कागद न बघता माहीत होतं. मी हातमोजे पुन्हा काढले, ते आतून ओले होते. मला त्या दोघांचा, ताईचा आणि त्याचा, हेवा वाटला, सोमवारी वाटला होता त्याहून खूप जास्त. त्यांच्या शेजारच्या खोलीत मी होते.